सातखणीच्या पायरीवर उरलेला खडा

मित्रांनो, निलंग्याहून कर्नाटकाच्या हद्दीकडं जाताना बेलखणी नावाचं एक लहानसं गाव लागतं. तिथं मलप्पांच्या घरी, ओसरीच्या खुंटीला एक वाळका, डागाळलेला भोपळा टांगलेला दिसेल. कोळ्यांनी त्याच्यावर जाळी विणली आहे. तो भोपळा म्हणजे मी.

मी जन्मानं कडू. कडू होतो म्हणूनच वाचलो, नाहीतर माझी केव्हाच आमटी झाली असती. गावातल्या किशनरावांच्या गोठ्याच्या छपरावर माझा वेल चढला होता. घरातल्या बायकांनी त्याच वेलाचं एक फळ चाखून थू थू केलं आणि मला तसंच सोडून दिलं. माघात वेल वाळला. एक दिवस मलप्पा कडबा न्यायला आले, वर बघितलं, शिडी लावली आणि मला बोटाच्या पेरानं टकटक वाजवून पाहिलं. "ह्यो माझा," एवढंच म्हणाले. मला तेव्हा फार बरं वाटलं, कारण तोवर मला कुणी आपलं म्हटलं नव्हतं.

त्यांनी मला दोन महिने चुलीच्या धुरावर वाळवलं. देठापाशी भोक पाडून तारेनं माझ्या सगळ्या बिया काढल्या. पोटातून काही निघून जाताना कसं वाटतं ते विचारू नका. मग भोक मेणानं बुजवलं, अंबाडीच्या दोरीची जाळी माझ्या अंगाभोवती विणली आणि मला सातखणी बारवेवर नेलं.

सातखणी ही आमच्या गावची जुनी, दगडी, पायऱ्यांची विहीर. तिच्या एका भिंतीत वरून खाली ओळीनं सात कोनाडे आहेत. साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे. वरच्या कोनाड्यांत शेंदूर फासलेले दगड दिसतात. पाणी उतरलं की चौथा दिसतो, कडक उन्हाळ्यात पाचवा. सहावा क्वचित कुणी पाहिला असेल. सातवा तळाजवळच्या काळोखात, तो मात्र कुणीच कधी पाहिला नव्हता.

मलप्पा गावाला पोहायला शिकवत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, कमरेला पंचा आणि तोंडात दिवसभर शिव्या. पण हात असा, की पाण्याला घाबरून किंचाळणारं पोर त्या हातावर पालथं पडलं की गप्प व्हायचं. पोराच्या पाठीवर मला बांधत. पोर हातपाय झाडायचं, पाणी प्यायचं, रडायचं. मी आपला त्याला वर धरून ठेवायचा. आठ-दहा दिवसांनी, पोराच्या नकळत, मलप्पा पाण्यातच माझी गाठ सोडत. पोर तसंच पोहत पलीकडं जायचं. काठावर पोचल्यावर त्याला कळायचं की भोपळा मागंच राहिला. मग त्या घरचे लोक नारळ फोडत आणि मला विभूतीची तीन बोटं ओढत. मित्रांनो, मी मोठ्या अभिमानानं सांगतो, त्या गावात मला पाठीवर घेतल्याशिवाय पोहायला शिकलेलं एकही पोर नव्हतं.

बारवेत खेळ नाना तऱ्हेचे चालत. मुटका मारायचा, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन असं आदळायचं की वरच्या पायरीवर बसलेल्याचं धोतर भिजलं पाहिजे. सूर मारायचा. उताणं पडून पायाच्या अंगठ्यावर पान ठेवून पलीकडं न्यायचं. सगळ्यांत मोठा खेळ म्हणजे तळ आणणं. बुडी मारायची, तळाचा गाळ मुठीत धरायचा आणि वर येऊन मूठ उघडून दाखवायची. मूठ काळी दिसली की तो गडी जिंकला.

पुढं शाळेवर हणमंतराव गुरुजी बदलून आले. ते पायरीवर बसून पोरांना खेळाच्या पुस्तकातलं वाचून दाखवत. कुठल्याशा दूरच्या बेटांवरचे लोक फळीवर उभे राहून लाटांवरून किनाऱ्याला येतात, त्याचा खेळ झाला. नावाडी आपसात पैजा मारत, त्याच्या होड्यांच्या शर्यती झाल्या. बेडूक पाय झाडतो तसे पाय झाडण्याचीसुद्धा मोठमोठी स्पर्धा असते म्हणे. पोरं खो खो हसली.

तेव्हा मलप्पा म्हणाले, "गुरुजी, आमचा खेळ बी कामातूनच आला. बाया पाणी शेंदायच्या, दोर तुटायचा, घागर जायची तळाला. माझा बाप बुडी मारून काढून द्यायचा. घागर सापडली न्हाई तर मूठभर गाळ आणून दाखवायचा, म्हणजे बाईला पटावं की गडी खालपस्तोर जाऊन आलाय. पोरांनी ते बघितलं, झाला खेळ."

त्याच बापानं आणखी एक रीत घालून दिली होती. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकानं एक खडा तिसऱ्या पायरीवर ठेवायचा. बाहेर आलं की एक खडा उचलून मागं टाकायचा. सगळे खडे उचलले गेले, म्हणजे सगळे बाहेर आले. एक जरी उरला तरी कुणी घरी जायचं नाही. मलप्पा ह्या बाबतीत फार कडक. एकदा एक पोर खडा न उचलता आंबे खायला पळालं होतं, तर मलप्पांनी त्याला वेशीतून कान धरून परत आणलं होतं.

आता मी तुम्हांला एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगू शकलो नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. गावातल्या साऱ्या विहिरी आटल्या. एकट्या सातखणीत पाणी राहिलं, तेही प्यायला पुरवून पुरवून वापरायचं. त्या वर्षी पोहायला सक्त बंदी होती. गडबडीत मलप्पा मला पाण्यातच विसरले. मी महिनाभर एकटा तरंगत होतो. सकाळी बायका पाणी नेत. दुपारी बारवेत चिटपाखरूही नसे. ऊन सरळ तळाकडं उतरायचं आणि पाणी हिरवं दिसायचं. अशाच एका दुपारी कुणीतरी खालून माझी दोरी धरली.

मित्रांनो, शिकाऊ पोराचा हात मी हजारदा ओळखला आहे. भ्यालेलं पोर दोरी मुठीत गच्च आवळतं, अंगठा आत घालून. हा हात तसाच होता. लहान, सात-आठ वर्षांच्या लेकराचा. फक्त थंडगार. आणि पाण्यात कुणी नव्हतं. मी हळूहळू भिंतीकडं ओढला गेलो, कोनाड्यांच्या ओळीपाशी थांबलो. ऊन कलल्यावर हात सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला. मी फार भ्यालो. पण भोपळा भ्याला तरी काय करणार? त्याला पाय नाहीत. मग हळूहळू मला सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मला त्याची दया येऊ लागली. पाठीला कुणी भोपळा न बांधलेलं ते पोर इतकी वर्षं कुणाला धरून राहिलं असेल, असा विचार मनात यायचा.

दहा वर्षं गेली. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. निलंग्यात ढोल वाजले, एसटीवर नव्या पाट्या लागल्या. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या पोहण्याच्या स्पर्धा निघाल्या, आणि त्यात मुलींचीही स्पर्धा होती. हणमंतराव गुरुजी धावतच मलप्पांकडं आले. कारण मलप्पांची लेक शिवकांता. चौदा वर्षांची, काटकुळी, हट्टी. तिच्याइतका दम साऱ्या इलाक्यात कुणाला नव्हता. ती बुडी मारायची तेव्हा वरच्या पोरी शंभरापर्यंत मोजायच्या आणि शेवटी कंटाळून मोजणं सोडून द्यायच्या.

त्या वर्षीही पावसानं दगा दिला. प्यायला आता बोअर होता, पण सातखणीचं पाणी जेमतेम तीन पुरुष खोल उरलं होतं. सकाळची वेळ गड्यांची, संध्याकाळची जनावरांची. पोरींच्या वाट्याला भर दुपार यायची. म्हाताऱ्या कुरकुरत, "बाराच्या टिपणाला पान्यात उतरू नये, आसरांची वेळ हाय ती." पोरी म्हणत, "मग आमी कवा उतरावं, तुमीच सांगा की!"

एक म्हातारी मात्र कधीच कुरकुरायची नाही. साखराबाई. किशनरावांची चुलत आजी, ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. ती रोज दुपारी वरच्या पायरीवर येऊन बसायची आणि पोरींना बघत राहायची. पाण्याला कधी बोट लावायची नाही. तहान लागली तरी घरी जाऊन प्यायची.

त्या दिवशी अकरा पोरी उतरल्या. अकराही बाहेर आल्या. एकेकीनं खडा उचलला. आणि तिसऱ्या पायरीवर एक खडा उरला.

मलप्पांनी केस पुसता पुसता बघितलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. "एक राह्यलं. कोण हाय आत?"

"समद्या हाव की, आप्पा," शिवकांता म्हणाली.

"मग ह्यो खडा कुणाचा?"

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. कुणी दोन ठेवले का? न्हाई. लिंगाची आण? आण, न्हाई. मलप्पांनी पंचा फेकला आणि उडी मारली. एकदा, दोनदा, पाचदा. मुठी काळ्या घेऊन वर आले, हाताला दुसरं काही लागलं नाही. मग ओल्या अंगानं घरोघर फिरले, प्रत्येक दारात लेकरं मोजली. गावात एकही पोर कमी नव्हतं.

"झालं तर मग," पार्वतम्मा, त्यांची बायको, म्हणाली. "एखादीनं येंधळेपणानं दोन ठिवले असतील. द्या फेकून आन् जेवायला या."

"ज्याचा हाय त्यानंच उचलायचा," मलप्पा म्हणाले. "तवर कुणी पान्यात उतरायचं न्हाई."

स्पर्धेला नऊ दिवस राहिले होते. शिवकांतानं आदळआपट केली, रडली, दोन वेळा जेवली नाही. काही उपयोग झाला नाही. शेवटी ती परातीत पाणी घेऊन त्यात तोंड बुडवून दम मोजू लागली. "भाकरीची परात हाय ती, भवाने!" म्हणून पार्वतम्मा ओरडायची, पण परात काढून घेत नव्हती. गुरुजी समजवायला आले. "अण्णा, एका खड्यापायी पोरीचं वाटोळं करू नका. ती जिल्ह्यात पहिली येणार, मी लिहून देतो."

मलप्पा खाली मान घालून बसले होते. "गुरुजी, आज ह्यो खडा उगंच म्हणून फेकला, तर उद्या खरंच एखादं लेकरू राह्यलं तरी मी उगंच म्हणून फेकीन. माझी बी लेक हाय. मला काय बरं वाटतंय का?"

पण गावाला थांबवतो कोण? दुसऱ्याच दिवशी त्या खड्याला हळदकुंकू लागलं. तिसऱ्या दिवशी शेंदूर. बायका म्हणू लागल्या की सातवी आसरा वर आली, तिनं आपली खूण ठेवली, तिला तृप्त केली की पाऊस पडेल. नारळ फुटू लागले. आता त्या खड्याला हात लावायची कुणाची छाती होईना. मलप्पांचं डोकं फिरलं. ते पायरीवर उभे राहून ओरडले, "अगं बायांनो, हे देव न्हाई! हे माणूस हाय! आत माणूस राह्यलंय!"

बायकांनी त्यांच्याकडं दयेनं बघितलं आणि उदबत्ती लावली. गावात त्यांना 'खडेवाला' म्हणू लागले. लोक तोंडावर हसत. मित्रांनो, मी पायरीवर पडून सगळं ऐकत होतो. मला एकट्याला ठाऊक होतं की आत कुणीतरी आहे. भोपळ्याला तोंड नसतं याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

नववा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लातुरात स्पर्धा. शिवकांतानं बाराच्या एसटीनं गुरुजींबरोबर निघायचं ठरलं. ती पिशवी घेऊन बारवेवर बापाला नमस्कार करायला आली. मलप्पा काही बारव सोडून हलत नव्हते. तिथं बायकांची गर्दी होती. त्या दिवशी आसराला मोठा नैवेद्य होता. केळीच्या पानावर दहीभाताचा ढीग घालून त्यांनी तो खड्यापुढं ठेवला आणि हात जोडले.

वरच्या पायरीवरून एक आवाज आला. "दही नका देऊ तिला."

सगळ्यांनी वर बघितलं. साखराबाई भिंतीला धरून उभी राहत होती. "तिला दही चालत न्हाई. दही खाल्लं की उलटी व्हायची तिला."

"कुणाला, मावशे?" मलप्पांनी विचारलं.

"गोदीला."

"कोण गोदी?"

म्हातारी एकेक पायरी बसत बसत खाली आली. पानापाशी आल्यावर तिनं दोन्ही हातांनी भात बाजूला सारला. "माझी बहीण. खडा मीच ठिवला, मलप्पा. तिचा खडा. सत्तर वरसं झाली, तो ठिवायचा राह्यला होता."

मग तिनं सारं सांगितलं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. साखराबाई दहा वर्षांची, गोदी सात वर्षांची. भर दुपार. दोघीच होत्या. साखराबाईनं बहिणीला पैजेवर घातलं, कोनाडे चाचपत खाली जा आणि सातव्या आसरेला शिवून ये. मी शंभर मोजते. गोदी गेली. साखराबाईनं शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. मग ती पळाली.

"घरी गेले आन् म्हनले, गोदी उदगीरच्या बाजाराच्या वाटंनं गेली. मार बसंल म्हणून म्हनले. समदे त्या वाटंनं धावले. ह्या विहिरीत कुणी बघितलंच न्हाई. माझी आई अकरा वरसं राती दाराला कडी लावू देत न्हवती. पोर येईल आन् दार बंद असंल, म्हणायची. मी तिच्याच शेजारी निजायची, मलप्पा. मला सांगता आलं न्हाई. आई मेली त्या दिवशी बी सांगता आलं न्हाई." तिनं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. "तू खडा उरला की कुणाला घरी जाऊ देत न्हाईस, हे मी रोज बघत व्हते. वाटलं, तोंडानं न्हाई जमत तर खड्यानं सांगावं. पर ह्यांनी तिला देवीच करून टाकली!"

बायका मागं सरकल्या. मलप्पांनी उडी मारली. त्यांचं वय पंचावन्न. एकेक कोनाडा आतपर्यंत चाचपत पहिल्या बुडीत ते पाचव्यापर्यंतच पोचले. दुसऱ्या बुडीत सहाव्यापर्यंत. वर आले तेव्हा नाकातून रक्त येत होतं आणि त्यांना उभं राहवेना.

शिवकांतानं पिशवी गुरुजींच्या हातात दिली. "गुरुजी, तुमी जावा. मी येत न्हाई."

पार्वतम्मा पुढं धावली आणि तिनं लेकीचा दंड धरला. "न्हाई! एक गेली तिच्यापायी दुसरी द्यायची का? सत्तर वरसं मेलेलं हाय ते! तुमी बोला की काही, बाप हाव ना तुमी?"

मलप्पांनी बायकोच्या हातातून लेकीचा दंड सोडवला. मग त्यांनी मला ओढून घेतलं. माझ्या जाळीला एक लांब दोर बांधला, दुसऱ्या टोकाला दगड, आणि तो कोनाड्यांच्या ओळीनं सरळ खाली सोडला. "दोर धरून जायचं, दोर धरून यायचं. दोर सोडायचा न्हाई. भोपळा जोरानं हलला की मी उडी टाकीन, मरंन न्हाईतर तुला आणीन." वर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. शिवकांता उतरली.

ऊन अगदी डोक्यावर होतं. मी पाण्यावर होतो. दोराला तिच्या हातांचे हिसके लागत होते, एक कोनाडा, दुसरा कोनाडा. पायरीवर कुणीतरी मोजत होतं. चाळीस. साठ. आणि मग, मित्रांनो, तो लहान थंड हात आला. त्यानं दोरी नेहमीसारखी अंगठा आत घालून धरली आणि मला सरळ खाली ओढलं.

मी बुडालो. पायरीवर किंकाळी उठली, ती मला पाण्यातून ऐकू आली. भोपळा बुडताना त्या लोकांनी कधी पाहिला नव्हता, आणि मीही कधी बुडालो नव्हतो. पाणी हिरवं होतं, मग काळं झालं. सहावा कोनाडा माझ्या अंगाला घासून गेला. त्याच्याखाली सातवा होता. त्यात आसराच नव्हती. कोनाडा रिकामा होता आणि त्याच्या मागं दगड निखळून एक फट पडली होती. शिवकांताचा एक हात खांद्यापर्यंत त्या फटीत होता आणि तिचा दोर सुटला होता. ती हात ओढत होती आणि तो निघत नव्हता. तिचे डोळे उघडे होते. तिच्या तोंडातून हवेचा शेवटचा बुडबुडा सुटून माझ्या अंगावरून वर गेला. असंच सत्तर वर्षांपूर्वी झालं असणार हे मला तेव्हा कळलं.

त्या थंड हातानं मला शिवकांताच्या मोकळ्या हातात दिलं. अगदी नीट, दोरी तिच्या बोटांत अडकवून. आणि मग तो हात सुटला. घाबरून नाही सुटला. पोहायला शिकलेलं पोर भोपळा सोडतं तसा, आपणहून सुटला.

मी वर झेपावलो. माझ्या अंगात जेवढी हवा होती तेवढ्या सगळ्या जोरानं शिवकांताला ओढलं. तिच्या खांद्याची कातडी सोलली, पण हात निघाला. मलप्पांनी तोवर उडी टाकली होती. अर्ध्या वाटेत त्यांनी तिला धरलं आणि आम्ही तिघं एकदम वर आलो.

ती पायरीवर पालथी पडून खोकत राहिली. पार्वतम्मा तिला मारत होती आणि मुके घेत होती, दोन्ही एकदम. एसटी केव्हाच गेली होती. गुरुजी पिशवी छातीशी धरून तिथंच उभे होते, ते गेले नव्हते. बऱ्याच वेळानं शिवकांतानं सोललेला हात पुढं केला आणि मूठ उघडली. मुठीत काळा गाळ होता. गाळात चांदीची एक लहानशी तोरडी होती, सात वर्षांच्या पोरीच्या पायाची.

"आजे," ती म्हणाली, "मला वर यायची वाट तिनंच दाखवली."

साखराबाईनं तोरडी लगेच घेतली नाही. आधी ती तिसऱ्या पायरीकडं वळली, शेंदरानं बरबटलेला खडा उचलला आणि मागं टाकला. कुणी तिला अडवलं नाही. मग तोरडी घेऊन ती पाण्यात उतरली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. लुगड्यासकट, कमरेपर्यंत. तिनं तोरडी पाण्यात खळखळून धुतली, गालाला लावली आणि खाली काळ्या पाण्याकडं बघून म्हणाली, "ऊठ गं गोदे. चल घरी. आईनं कडी लावली न्हाई अजून."

चार दिवसांनी गड्यांनी मोटर लावून पाणी उपसलं, गोदीचं जे उरलंसुरलं होतं ते बाहेर काढलं आणि साखराबाईच्या शेताच्या बांधाला माती दिली. पाऊस काही पडला नाही. जिल्ह्यातली पहिली आली ती दुसऱ्याच गावची पोरगी, आणि शिवकांता महिनाभर त्यावरून चिडून होती. मलप्पांना खडेवाला म्हणायचं मात्र गावानं बंद केलं.

त्यानंतर दुपारी माझी दोरी कुणी धरली नाही. मी वाट बघायचा, हे कबूल करतो. पुढं मलप्पा थकले, पोरं रबरी ट्यूब घेऊन पोहू लागली आणि मी खुंटीला लागलो. माझं मेण आता सुटत चाललं आहे. त्याची मला तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुम्ही तळ्यात, नदीत, विहिरीत खेळायला जाल. जरूर जा, पाण्यासारखा खेळ नाही. मात्र बाहेर आलात की आधी मागं वळून मोजा. बरोबरचं कुणी दिसलं नाही तर पळू नका. मार बसेल म्हणून गप्प राहू नका. जोरात ओरडा, समोर येईल त्याला सांगा. साखराबाईच्या आईला मी पाहिलं नाही, पण अकरा वर्षं दार उघडं ठेवणारी बाई कशी असेल ते मला कळतं. तिनं आपल्या दहा वर्षांच्या लेकीला मारलं नसतं.